बारावीनंतर वकिली: सातारा-सांगलीच्या मुलामुलींसाठी प्रवेशाची कृती

वकिलीच्या प्रवेशाची तयारी अकरावीतच सुरू करा, आणि पुस्तकांच्या आधी कागदांना हात घाला. चांगले गुण असलेली मुलं एका दाखल्यापायी राखीव जागेवरचा हक्क गमावून खुल्या यादीत जाऊन बसतात. हे टाळता येतं, म्हणून ही कृती कागदांपासून.

आधी पात्रता. पाच वर्षांच्या एलएल.बी.साठी कला, वाणिज्य, विज्ञान, कोणतीही शाखा चालते. बारावीला खुल्या गटाला ४५ टक्के, इतर मागास, भटके-विमुक्त, विशेष मागास आणि एसईबीसीला (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. पदवीनंतरचा तीन वर्षांचा मार्ग नेहमीच खुला आहे. त्यामुळे मन डळमळत असेल तर घाई करू नका. आधी एक दिवस सांगलीला विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात किंवा आपल्या तालुक्याच्या न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसा आणि कामकाज ऐका. तारखा कशा पडतात, साक्ष कशी होते, पक्षकार वकिलाच्या तोंडाकडे कसा बघतो, हे पाहून आल्यावरही ओढ कायम राहिली तर पुढे चला.

आता कागद. दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, वय-अधिवास-राष्ट्रीयत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला हे सगळ्यांना. अधिवास आणि उत्पन्नाचे अर्ज सेतू किंवा महा-ई-सेवा केंद्रातून तहसीलदारांकडे जातात. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेअर प्रांतांकडून मिळतात. नॉन-क्रीमी लेअरची मुदत प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत असावी, म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला दर आर्थिक वर्षी नवा काढावा लागतो, आणि तो राज्याच्याच नमुन्यात हवा.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती जात वैधता. नुसत्या जातीच्या दाखल्यावर राखीव जागा मिळत नाही. जिल्हा जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, सोबत कॉलेजचं पत्र आणि वंशावळ जोडायची, आणि वडिलांकडच्या पूर्वजाचा जुना पुरावा द्यायचा. हा पुरावा अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा लागतो. आजोबा-पणजोबा शाळेत गेले असतील तर गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. आंबेडकरांचं नाव दाखल झालं; तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ किती मोलाची असते, हे या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. पूर्वज शाळेतच गेले नसतील तर गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं जुनं कोतवाल बुक, तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधा. नोंद मोडीत निघाली तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. आणि आडनावं नीट ताडून बघा. आजोबांच्या नोंदीत 'कुंभार' आणि तुमच्या दाखल्यावर गावावरून पडलेलं आडनाव, असं घरोघरी असतं. अशा वेळी दोन्ही नावं एकाच कुटुंबाची आहेत असं प्रतिज्ञापत्र आणि त्याला आधार देणारा कागद अर्जासोबतच लावा. समितीने त्रुटी काढेपर्यंत थांबलात तर महिने जातात.

मग सीईटी. राज्याच्या सीईटी कक्षाची पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची परीक्षा वेगळी असते. अर्ज बारावीच्या वर्षी हिवाळ्यापासून सुटतात, परीक्षा साधारण एप्रिल-मेमध्ये होते. अर्जातलं नाव दहावीच्या गुणपत्रकाप्रमाणेच, अक्षर न् अक्षर. दोन तासांत संगणकावर १२० प्रश्न: विधी अभियोग्यता ३२, तर्क ३२, सामान्यज्ञान आणि चालू घडामोडी २४, इंग्रजी २४, गणित ८. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. प्रश्न मराठीतही असतात, तेव्हा मराठी माध्यमाच्या मुलांनी बिचकू नये. त्यांनी ताकद लावायची ती इंग्रजीच्या २४ गुणांवर. संविधानाचे मूलभूत हक्क आणि रोजचं वर्तमानपत्र यांच्यावर माझा क्लासच्या नोट्सपेक्षा जास्त भरवसा आहे.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही वेगळी परीक्षा आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आपल्या राज्याची तीन विद्यापीठं आहेत. क्लॅट डिसेंबरात, फक्त इंग्रजीत होते, आणि चुकीला पाव गुण जातो. वाचनाचा वेग असेल तर जरूर द्या, पण सीईटीचा अर्ज त्यापायी सोडू नका.

निकालानंतर कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी करायची. इथे कागद स्कॅन करून चढवायचे आणि त्यांची तपासणी ऑनलाइन होते. मोबाइलने काढलेला, कोपरा कापलेला, शिक्का न दिसणारा फोटो परत येतो. तपासणीत त्रुटी निघाली तर ती दिलेल्या मुदतीतच दुरुस्त करावी लागते, म्हणून त्या दिवसांत रोज लॉगिन उघडून बघा.

पसंतीक्रम भरताना बहुतेक घरांत गडबड होते. 'हे आपल्याला मिळणार नाही' म्हणून आवडतं कॉलेज खाली ढकलू नका. यंत्रणा तुमच्या गुणानुक्रमाने वरून खाली बघत जाते; वरचं कॉलेज हुकलं म्हणून खालच्या कॉलेजातला तुमचा हक्क कमी होत नाही. मात्र जिथे खरोखर जाणार नाही ते कॉलेज यादीत घालूच नका.

घराजवळ साताऱ्याला रयत शिक्षण संस्थेचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे, सांगलीला एन. एस. सोटी लॉ कॉलेज आणि भारती विद्यापीठाचं न्यू लॉ कॉलेज, कोल्हापूरला १९३३ चं शहाजी लॉ कॉलेज. पुण्याचं आयएलएस १९२४ चं. साताऱ्यात जन्मलेले आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर तिथलेच विद्यार्थी. कुठलंही नाव भरण्याआधी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बार कौन्सिल ऑफ इंडियाची त्या वर्षीची मान्यता आहे का, ते पाहा. पुण्याचा खर्च झेपत असेल तर जा. पण ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याखाली येतात. घराजवळ शिकून उच्च न्यायालयात उभं राहण्याची वाट आता काही तासांच्या एसटीवर आली आहे. मी तरी आधी इथलंच कॉलेज पाहायला सांगेन.

मुलींच्या आईवडिलांनी हे नीट ऐकावं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर प्रवेश घेतला, अभिमत अथवा खासगी विद्यापीठात गेलात, तर ही माफी मिळत नाही. 'कॅपची वाट कशाला बघता, आमच्याकडे जागा आहे' असं कोणी म्हणालं तर तिथे पैसे भरू नका.

जागा मिळाली की ठरलेल्या मुदतीत मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर व्हा. त्याआधी प्रत्येक कागदाच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवा, आणि कॉलेजने मूळ दाखले ठेवून घेतले तर त्यांची पोच मागा. त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीसाठी राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरा: मुलांना राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून शुल्काचा भार हलका होतो, बाहेरगावी राहणाऱ्यांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या योजना वेगळ्या. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा ती जोडणी बँकेत जाऊन आधी तपासून घ्या, आणि अर्ज कॉलेजच्या लॉगिनमधून पुढे गेला का, हे तिथल्या लिपिकाला विचारत राहा.