मदतनीस ते परिचारिका



गावात रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले, तर आपण प्रथम कोणाला हाक मारतो? आशाताईला. ती येते, अंगाला हात लावून पाहते, १०८ क्रमांकाला फोन लावते. मग रुग्णवाहिका येते. दवाखान्यात वॉर्डबॉय आणि आयाबाई रोग्याला उचलून खाटेवर ठेवतात. ही सगळी माणसे रोग्याच्या कामी येतात. पण त्यांना कोणी परिचारिका, म्हणजे नर्स, म्हणत नाही.

पुष्कळ जण विचारतात, "गुरुजी, मी दहा वर्षे दवाखान्यात राबलो. सुई कशी देतात, सलाईन कसे लावतात, सारे पाहिले. मग मला नर्सचे काम का देत नाहीत?"

प्रश्न रास्त आहे. या पाठात आपण त्याचे उत्तर पाहू.

पाहणे वेगळे, जाणणे वेगळे

एक उदाहरण घेऊ. साखरेचा आजार, म्हणजे मधुमेह, तुम्हांला ठाऊक आहे. या आजारात पुष्कळांना इन्शुलिनची सुई घ्यावी लागते. इन्शुलिन युनिटमध्ये मोजतात. काही बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात. काहींत १०० युनिट असतात. ४० च्या बाटलीला ४० ची सिरिंज लागते आणि १०० च्या बाटलीला १०० ची.

आता समजा, डॉक्टरांनी २० युनिट द्यायला सांगितले. बाटली १०० ची आहे, पण हातात सिरिंज ४० ची आली. नुसते पाहून शिकलेल्या माणसाने २० च्या रेघेपर्यंत औषध भरले. रेघ बरोबर दिसली. पण रोग्याच्या अंगात किती गेले? ५० युनिट! म्हणजे अडीच पट. रक्तातली साखर एकदम उतरते. रोगी बेशुद्ध पडतो. जीवही जाऊ शकतो.

सुई टोचणे कोणीही शिकेल. कोणते औषध, किती, कसे आणि कशासाठी, हे जाणणे म्हणजे परिचर्येची विद्या. ती विद्या शिकल्याचा पुरावा सरकार मागते, तो याचसाठी.

शिडीच्या पायऱ्या

या विद्येची एक शिडी आहे. तिच्या पायऱ्या नीट समजून घ्या.

पहिली पायरी बारावीची. आठवीत किंवा दहावीत शाळा सुटली असेल, तरी वाट बंद झालेली नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून शाळेत न जाता बोर्डाच्या परीक्षेला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचीही सोय आहे. तिथे पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसण्याची संधी असते. एकेक विषय सोडवला तरी चालते. मात्र बारावीला इंग्रजी विषय घ्यावा. पुढे तो लागतोच.

दुसरी पायरी ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो फक्त स्त्रियांसाठी आहे. बारावी कोणत्याही शाखेची चालते. उपकेंद्रात लस टोचणारी, गरोदर बायांची तपासणी करणारी नर्सबाई हाच अभ्यासक्रम शिकलेली असते.

तिसरी पायरी जी.एन.एम. हा तीन वर्षांचा. यात मुलगे आणि मुली दोघांनाही प्रवेश आहे. बारावीला इंग्रजी आणि निदान ४० टक्के गुण लागतात. म्हणून रुग्णवाहिकेवर किंवा वॉर्डात काम करणाऱ्या तरुणाने बारावी होऊन थेट इकडे यावे. शरीराची रचना, जंतू, आहार, प्रथमोपचार, रोग्याची शुश्रूषा हे सारे इथे शिकवतात. मोठ्या दवाखान्यात ज्यांना आपण सिस्टर किंवा ब्रदर म्हणतो, ते निदान इथवर शिकलेले असतात.

चौथी पायरी पदवीची. जी.एन.एम. झालेल्यांना आणखी दोन वर्षांत बी.एस्सी. नर्सिंगची पदवी घेता येते. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय असतील, तर सरळ चार वर्षांच्या पदवीलाही जाता येते.

परीक्षा पास झाली म्हणजे सगळे झाले का? नाही. मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. त्या नोंदणीनंतरच नर्स म्हणून काम करता येते.

वयाचा हिशेब

विद्येला वय नाही, हे खरे. पण प्रवेशाला आहे. ए.एन.एम. व जी.एन.एम. साठी १७ वर्षे पुरी लागतात, आणि वरची मर्यादा साधारण ३५ वर्षांची आहे.

समजा, एक आशाताई २९ वर्षांची आहे. दहावी झालेली आहे. दोन वर्षांत बारावी केली, की ती ३१ वर्षांची होईल. ए.एन.एम. ची दोन वर्षे धरली, की ३३. पुढे जी.एन.एम. करून ती ३६ व्या वर्षी पुरी नर्स होईल. हीच ताई "पुढच्या वर्षी बघू" असे पाच वर्षे म्हणत राहिली, तर? ३४ व्या वर्षी अभ्यासाला लागून ३६ व्या वर्षी बारावी होईल, आणि तोवर दार बंद झालेले असेल. नोंदणी झालेल्या ए.एन.एम. ना जी.एन.एम. च्या प्रवेशाला वयाची आडकाठी नाही. म्हणून पहिले पाऊल वेळेवर टाकणे महत्त्वाचे.

लग्न झालेल्या बाईलाही प्रवेश मिळतो. पण हे शिक्षण पूर्ण वेळेचे आहे. वॉर्डात काम करून शिकावे लागते. शिकत असताना कमाई थांबते. घरी मुलांना कोण पाहणार, चूल कोण पेटवणार, हे आधी ठरवावे. नवरा, सासू, दीर यांनी मिळून विचार करावा. घराची साथ असेल, तर निम्मे ओझे हलके होते.

पी हळद नि हो गोरी

सहा महिन्यांत नर्स करून देतो, अशा पाट्या तालुक्याच्या गावी दिसतात. आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. एका शेतकऱ्याने बैलजोडी विकून मुलीला अशा एका वर्गात घातले. वर्षाअखेर तिला रंगीत प्रमाणपत्र मिळाले. ते घेऊन ती सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या बाईंनी विचारले, "परिषदेचा नोंदणी क्रमांक कुठे आहे?" तो नव्हताच. बैलही गेले आणि वर्षही गेले.

थोड्या महिन्यांचे काही वर्ग खरेही असतात. त्यांत रोग्याची देखभाल करणारा मदतनीस तयार होतो. ते काम चांगले आहे. पण त्या कागदावर कोणी नर्स होत नाही. ए.एन.एम. आणि जी.एन.एम. घरबसल्या टपालाने होत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

म्हणून पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. या शाळेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? शिकून झाल्यावर माझी नोंदणी होईल का? उत्तर तोंडी घेऊ नका. कागद मागा. जिल्हा रुग्णालयात जाऊन खात्री करा. यंदाचे प्रवेशाचे नियम, प्रवेश परीक्षा आणि सवलती यांचीही तिथेच चौकशी करा.

केलेले काम वाया जात नाही

मग दहा वर्षांच्या राबण्याला काही मोल नाही का? आहे. रोग्याशी कसे बोलावे, रक्त पाहून हात कसा कापू देऊ नये, रात्र कशी जागावी, हे तुम्ही शिकूनच आलात. नव्या मुलींना हे शिकायला वर्ष लागते. काही राज्यांनी आशाताईंना नर्सिंगच्या प्रवेशात प्राधान्यही दिले आहे.

एके काळी चांगल्या घरच्या बाईने हे काम करणे लोकांना कमीपणाचे वाटे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले. तिथल्या स्त्रियांना त्यांनी ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवले. त्यांत विधवा बायाही होत्या. लोकांनी नावे ठेवली. तरी त्या शिकल्या आणि स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. त्यांच्यापुढे वाट नव्हती, त्यांनी ती पाडली. आपल्यापुढे वाट आहे, फक्त चालायचे आहे.

तुम्ही हा पाठ स्वतः वाचलात. म्हणजे शिडीच्या पायथ्याशी तुम्ही आलाच आहात. तुमच्या घरात किंवा शेजारी अशी आशाताई, आयाबाई किंवा वॉर्डबॉय असेल, तर हा पाठ त्यांना आज वाचून दाखवा.

वाचा आणि सांगा

१. १०० च्या बाटलीतले इन्शुलिन ४० च्या सिरिंजने दिले तर काय होते?
२. मुलग्यांना कोणत्या पायरीवर प्रवेश मिळतो?
३. पैसे भरण्याआधी कोणत्या दोन गोष्टी विचारायच्या?
४. तुमच्या ओळखीच्या आशाताईचे वय आणि शिक्षण विचारा. ती किती वर्षांत नर्स होईल, याचा हिशेब वहीत मांडा.