उरलेल्या रस्त्याची गाडी

मुंबईत दुचाकीला कुठले रस्ते बंद आहेत, याची एकदा यादी करा. वांद्रे-वरळी सी लिंक बंद. जे. जे. उड्डाणपूल २०१०पासून बंद. ईस्टर्न फ्रीवे बंद. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू झाला, मार्चमध्ये कोस्टल रोड सुरू झाला. दोन्हीकडे आपल्याला मज्जाव. शहराबाहेर पडून पुण्याला जायचं म्हटलं तर द्रुतगती मार्ग बंद आणि नागपूरच्या बाजूला समृद्धी बंद. म्हणजे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जो जो सरळ, रुंद, मोकळा रस्ता झाला, तो आपल्यासाठी नाहीच. गिरगावातून निघालेल्या बाइकच्या वाट्याला काय उरतं? पुलाखालचा मोहम्मद अली रोड, भायखळा, लालबाग, परळ, हिंदमाता, सायन, मग वाशीची खाडी, पनवेल आणि पुढे मुंबई-गोवा महामार्ग.

क्रूझर ही त्या बंद रस्त्यांसाठी घडवलेली गाडी आहे. दोन चाकांत भरपूर अंतर, बुटकी सीट, पुढे सरकवलेले फूटरेस्ट, अंगाकडे ओढून घेतलेलं हँडल. अमेरिकेत जिथे हा घाट रुजला, तिथे तासन्‌तास वळण येत नाही. आमच्या पायधुणीला तासभर माणूसच पुढे सरकत नाही.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे पाडवा. गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बाइक चालवणाऱ्या बायकांचे फोटो तुम्ही पेपरात पाहिले असतील. त्या घोळक्यात मीही असते. यात्रा संपली की आठवडाभर मुलींचे फोन सुरू होतात, ‘ताई, ती बुटकी काळी गाडी कुठली होती? मला तशीच घ्यायचीय.’ त्यांचं चुकत नाही. पाडव्याच्या दिवशी क्रूझरइतकी सोयीची गाडी दुसरी नाही. दोन पावलं जा, थांबा, परत दोन पावलं. ठाकूरद्वारच्या नाक्यावर ढोल वाजत असतात, गर्दी हलत नाही, आणि तुमचे दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले असतात. कासोटा घातलेला असल्यामुळे पाय टाकून बसायला त्रास नाही, वजन खाली असल्यामुळे गाडी कलंडत नाही. माझ्या उंच टूररवर, म्हणजे लांबच्या प्रवासाच्या गाडीवर, मात्र मी त्या दिवशी एका पायाच्या चवड्यावर तोल सांभाळत उभी असते आणि फोटोत चेहरा हसरा ठेवायची कसरत करते. उंची पाच फुटांच्या आसपास असलेल्या बाईला बुटक्या सीटचं महत्त्व मी समजावून सांगायला नको.

पण पाडवा वर्षातून एकदाच येतो.

माझा भाचा लालबागला राहतो. त्याने गेल्या वर्षी क्रूझर घेतली आणि जुनी टूरर एक्स्चेंजमध्ये देऊन टाकायचं जवळजवळ नक्की केलं होतं. त्याची आणि माझी टूरर एकाच जातीची: दिसायला बेंगरूळ, उंच, मागे लोखंडी कॅरिअर, टाकीवर चरे. माझ्या गाडीने मला घाट, कोकण, पाऊस सगळं दाखवलंय. मी त्याला म्हटलं, देऊन टाक, पण आधी एकदा गावाला जाऊन येऊ. शिमग्याला चिपळूणकडे जायचंच होतं. ‘मावशी, जाताना तू नवीन चालव, म्हणजे कळेल तुला,’ म्हणाला. कळलं. आमच्या गाड्यांची नावं मुद्दाम सांगत नाही. नावं सांगितली की लोक गाडीचं सोडून कंपनीवरून भांडत बसतात, आणि मला जे जाणवलं तो दोष कुठल्या एका कंपनीचा नाही, त्या घडणीचाच गुण आहे.

पनवेलपर्यंत मी खूश होते. इंजिन संथ, आवाज गोड, सायन-पनवेल रस्त्यावर गाडी रुळावर ठेवल्यासारखी. वडखळ आलं, नागोठणं आलं, आणि मग तो रस्ता सुरू झाला जो २०११पासून चौपदरी होतोच आहे. कोलाडच्या पुढे कंबर बोलायला लागली. माणगावला चहाला थांबलो, तेव्हा सीटवरून उतरायला मला टपरीच्या खांबाचा आधार घ्यावा लागला. भाचा टूररवरून उडी मारून उतरला. तिथून आम्ही गाड्या बदलल्या. तोच रस्ता, तीच उन्हं, तीच दोन माणसं. कशेडीच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत माझी कंबर सुटली होती आणि त्याने मागून हॉर्न वाजवून थांबायची खूण केली होती.

कारण साधं आहे. खड्डा दिसला की बाइकवाला नकळत फूटरेस्टवर जोर देतो आणि सीटवरून बोटभर उठतो. धक्का आधी शॉकअप घेतं, उरलेला गुडघे घेतात, पाठीपर्यंत फारसं काही पोहोचत नाही. फूटरेस्ट कमरेच्या बरोबर खाली असेल तरच हे जमतं. क्रूझरवर पाय पुढे असतात. आत्ता खुर्चीत बसून पाय समोर पसरा आणि हात न टेकता उठून दाखवा. नाही ना जमत? मग माकडहाडावर आलेला प्रत्येक दणका सरळ वर मानेपर्यंत जाणार. त्यातून सीट बुटकी करायची तर मागच्या शॉकअपला दबायला जागा कमी ठेवावी लागते. हे कंपन्यांनी स्वतःच छापलेल्या आकड्यांत दिसतं. रॉयल एनफिल्डची २०२३मध्ये आलेली सुपर मिटिअर ६५० घ्या: मागचं शॉकअप १०१ मिलिमीटर दबतं. त्याच कंपनीची २०१६ची ४११ सीसीची जुनी हिमालयन १८० मिलिमीटर. पुढच्या बाजूला १२० आणि २००. सीटची उंची ७४० विरुद्ध ८००. बुटक्या सीटचा जो आनंद पाडव्याला मिळतो, त्याची किंमत कोलाडला मोजावी लागते, असा हा व्यवहार.

वाऱ्याचंही तसंच. क्रूझरवर छाती उघडी आणि हात लांब. ताशी ऐंशीच्या पुढे गेलं की वारा माणसाला मागे ढकलतो आणि आपण हँडल धरून स्वतःला पुढे ओढत राहतो. संध्याकाळी दुखतात ते खांदे. टूररला पुढे काच असते, अंग थोडं झुकलेलं असतं, वारा अंगावरून निघून जातो.

हायवेचं झालं, पण खरी परीक्षा वाडीत होते, आणि हे कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही. गिरगावच्या वाड्या आणि लालबाग-परळच्या चाळींचे बोळ हे हातगाडीच्या मापाचे आहेत. माझ्या वाडीत तोंड आत करून गाडी लावायची आणि सकाळी मागे ढकलत बाहेर काढायची, दुसरा मार्ग नाही. जमीन उताराची आहे आणि उतार आतल्या बाजूला. दोन्ही बाजूंना स्कूटर उभ्या असतात. इथे गाडीचं वजन म्हणजे नुसता आकडा राहत नाही. सुपर मिटिअरचं वजन २४१ किलो आहे, मिटिअर ३५०चं १९१, हिमालयन ४११चं १९९, बजाजच्या ॲव्हेंजर २२०चं १६३. यातली कुठलीही एक गाडी चढावर, उलटी, एकट्याने, पावसाने बुळबुळीत झालेल्या लादीवरून ढकलून बघा. भाच्याची क्रूझर मी एकदा अशी काढत होते. मागचं चाक नळाच्या चौथऱ्याला लागलं, हँडल वळलं, आणि गाडी माझ्या हातांतून हळूहळू, अगदी सावकाश, शेजारच्या काकूंच्या तुळशीवर निजली. तिघांनी मिळून उचलली. काकूंनी कुंडीचे पैसे घेतले नाहीत, पण अजून माझ्याशी बोलताना गाडीकडे बघून बोलतात.

लांब गाडीला वळायलाही जागा जास्त लागते. गणपतीत मांडवाचे वासे उभे राहिले की गल्लीची रुंदी निम्मी होते. तेव्हा माझी टूरर दोन वेळा मागेपुढे करून निघते, क्रूझर निघत नाही. लालबागला तर त्या दिवसांत गाडी आधीच कुठेतरी लांब नेऊन ठेवावी लागते. नवीन टॉवरमध्ये राहायला गेलेल्यांनी हसू नये. तुमच्या सोसायटीत दुचाकीला नेमकी कुठली जागा मिळते, तिथे जायला रॅम्प किती उभा आहे, वळणावर थांबावं लागतं का, हे आधी पाहून घ्या.

गतिरोधकांचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. असा पसरट असला, तर अख्खी गाडी त्यावर चढते आणि उतरते, पोटाला काही लागत नाही. पण आपल्याकडे रहिवाशांनी रातोरात घातलेली सिमेंटची वरवंट्यासारखी वळी असते. ती दोन चाकांच्या मधोमध येते आणि गाडीच्या पोटाला खरवडते. सुपर मिटिअरचं पोट जमिनीपासून १३५ मिलिमीटरवर आहे. मागे कुणी बसलं की शॉकअप दबून तेही कमी होतं. मिटिअर ३५० आणि ॲव्हेंजर १७०च्या आसपास, हिमालयन २२०. आपल्या घरापासून हमरस्त्यापर्यंत अशा किती वळ्या आहेत, ते गाडी बुक करायच्या आधी पायी चालत जाऊन बघा. आम्ही बघितलं नव्हतं असं नाही, पण डबल सीटने नव्हतं बघितलं.

आणि पाऊस. हिंदमाताला पाणी साचणं आता पूर्वीपेक्षा कमी झालंय. महापालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या. तरी मोठ्या भरतीला धो-धो कोसळला की तिथून जाताना छातीत धडधडतंच. गाडी कुठलीही असो, पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं की पुढे जाऊ नका. त्याखाली असेल तर पहिला गिअर, रेस एकसारखी, मध्ये थांबायचं नाही. बंद पडलीच तर सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर पिस्टन त्याला दाबायला जातो, पाणी दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत कडेला घ्या, प्लग काढा, मेकॅनिकला बोलवा. बुटक्या गाडीला हा प्रसंग लवकर येतो, एवढाच फरक.

आता ट्रायलबद्दल. शोरूमवाले ट्रायल देतात ती बहुधा सुट्टीच्या सकाळी, मोकळ्या रस्त्यावर. त्या दहा मिनिटांत क्रूझर कुणालाही जिंकते, मलाही जिंकलं असतं. सोमवारी संध्याकाळी सहानंतर मागा. एल्फिन्स्टनचा पूल पाडायला घेतल्यापासून परळ आणि दादरची ती वेळ काय असते ते वेगळं सांगायला नको. टिळक पुलावर चढावर हाफ क्लचमध्ये उभं राहून बघा, डावं मनगट काय म्हणतं, इंजिनाची धग मांडीला किती लागते. घरात जो नेहमी मागे बसणार आहे त्याला बरोबर न्या. क्रूझरची मागची सीट पुष्कळदा नावापुरती असते, आणि आई किंवा नवरा गाडीवर बसायला नाही म्हणाला तर निम्मा उपयोग गेला. बॅगा कुठे बांधणार, तेही तिथेच विचारा. टूररला कॅरिअर लावून खोगीर टाकलं की काम झालं. क्रूझरवर तेच सामान सायलेन्सरच्या अंगावर येतं.

पैशांची बाजूही सध्या निकालावर परिणाम करते. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के झाला, त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. त्यामुळे ३४९ सीसीच्या क्रूझर एकदम आटोक्यात आल्यासारख्या दिसतात आणि ४५२ सीसीची नवी हिमालयन लांब गेल्यासारखी. स्वस्त झाली म्हणून घ्यायची हा मोह मोठा आहे. पण तुमच्याकडे चालती, माहितीतली टूरर असेल तर तुलना नव्या क्रूझरची नव्या टूररशी नसून घरातल्या गाडीशी आहे. तिची चेन, टायर, शॉकअप आणि सीटचा फोम एकदा मनापासून करून घेतला, तरी त्याचा खर्च नव्या गाडीच्या नुसत्या डाउन पेमेंटच्याही खाली राहतो. ऑपेरा हाऊसच्या बाजूला स्पेअर पार्टची दुकानं आहेत. जुना पार्ट हातात धरून जा, मॉडेलचं नाव सांगून भागत नाही.

क्रूझर कुणी घ्यावी? पहाटे मरीन ड्राइव्हवर फिरणाऱ्याने, गाडी लावायला स्वतःची सपाट जागा असलेल्याने, पाय टेकत नाहीत म्हणून आजवर बाइकच घेतली नाही अशा मुलीने. शेवटच्या गटाला मी आवर्जून घ्या म्हणते, फक्त २४१ किलोची नाही, १६३ किलोवाली. भाच्याने आपली क्रूझर ठेवली आहे, तो तिच्यावर प्रभादेवीला ऑफिसला जातो आणि मजेत असतो. टूररही ठेवली, गावाला जायला.

दोन्ही ठेवणं परवडत नसेल तर जुनी विकायच्या आधी एक पावसाळा जाऊ द्या. आणि विकलीत तर एक्स्चेंजवाल्याच्या तोंडी शब्दावर राहू नका. फॉर्म २९ आणि ३० भरलेले, सही केलेले, त्याची प्रत तुमच्याकडे, आणि आरसी नव्या माणसाच्या नावावर चढल्याचं ऑनलाइन स्वतः तपासलेलं. कागदोपत्री नाव तुमचं असेपर्यंत अपघाताची भरपाईही तुमच्याच दारात येऊ शकते, आणि नव्या मालकाने दादर टीटीला तोडलेल्या सिग्नलचं ई-चलन तर तुमच्या मोबाइलवर नक्कीच येतं.