पाटे वाढवायच्या आधी

काल फोनवर तू किती हरखली होतीस गं! जुनी का होईना, पिकअप दारात आली. मागं स्प्रिंगचे दोन-दोन पाटे जास्तीचे टाकतो म्हणाले जवाईबापू, म्हणजे एका फेरीत जास्त माल जाईल. तुझ्या सासूबाई शेजारी होत्या म्हणून मी गप्प राहिले. आता ऐक.

आम्हीही तेच केलं होतं. सोयाबीनचा हंगाम, खामगावच्या बाजार समितीत माल न्यायची घाई. पाटे वाढवल्यावर गाडी मागून बसेना, म्हणून 1.7 टनांच्या गाडीत अडीच टन भरला. बोथ्याच्या घाटात उतारावर ब्रेक तापले, करपल्याचा वास सुटला. तुझे भाऊजी ब्रेक दाबतायत आणि पाय नुसता खाली जातोय. मी शेजारी, मांडीवर लेकरू. तो वास अजून नाकातून जात नाही.

पाटे ओझं तोलून धरतात गं, पण ब्रेक, टायर, अॅक्सल सगळे पहिल्याइतकेच राहतात. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलपासून एक बारीक दांडी ब्रेकच्या व्हॉल्व्हला गेलेली असते. मागची बाजू जितकी बसेल, तितका तो मागच्या चाकांना ब्रेक जास्त देतो. पाट्यांनी ती बाजू उचललेलीच राहिली, तर भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते. हे आम्हाला घाटानंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं गाडीखाली झोपून दाखवलं.

शेताच्या पांदणीसाठी म्हणशील, तर कडक पाटे तिथं त्रासच देतात. रिकामी गाडी उडत जाते. मागचं एक चाक अधांतरी झालं की तेच गरगर फिरतं, काळ्या मातीतलं दुसरं जागचं हलत नाही.

आधी गाडी सपाट जागी रिकामी उभी करा. अॅक्सल आणि वरचा रबरी गुटका यातलं अंतर दोन्हीकडून टेपनं मोजा. मग आरसीवरच्या वजनाइतका माल भरून, काट्यावर वजन करून, पुन्हा मोजा. एकीकडे अंतर कमी भरलं तर तिकडचे पाटे थकलेत किंवा एखादा तुटलाय. पाट्यावर आडवी गंजाची रेघ दिसली तर तिथं तडा असू शकतो. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे, कंपनीच्या मापाचेच. यू-बोल्ट नवेच घ्या, जुने ताणलेले असतात. दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालली की ते पुन्हा आवळून घ्या. शॉकअप गळत असतील तर तेही बदला, पांदणीत त्यांचाच जास्त उपयोग.

आणि पाटे वाढले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात जादा भाराला 20 हजार दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. त्यापेक्षा दुसऱ्या फेरीचं डिझेल परवडतं, मी वहीत मांडून पाहिलंय.

भाऊजी रविवारी येतायत, गाडीखाली शिरून बघतील. तोवर पाटेवाल्याला इसार देऊ नका.