एकच बेट निवड

चि. सौ. भाचीस,


तुझा ग्रीसचा बेत वाचला. नऊ रात्रींत अथेन्स, मिकोनोस, पारोस, सांतोरिनी आणि पुन्हा अथेन्स. त्याच पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस, की वर्षभराच्या कामाने तुम्ही दोघंही शिणला आहात आणि या खेपेला नुसतं निवांत राहायचं आहे. तुझा हेतू एकीकडे आणि बेत दुसरीकडे चालला आहे. माझं म्हणणं असं, की विश्रांती हवी असेल तर एकच बेट निवड, तेही गर्दीच्या वाटेपासून थोडं बाजूला असलेलं, आणि अथेन्सच्या दोन रात्री सोडल्या तर सगळे दिवस तिथेच राहा. मी आमोर्गोस सुचवतो. मामा सांगतो म्हणून ऐकावंस अशी अपेक्षा नाही. कारणं पटली तरच ऐक.

पहिलं कारण साध्या हिशोबाचं आहे. नऊ रात्री म्हणजे मधले आठ पूर्ण दिवस. तुझ्या बेतात त्यांतल्या चार दिवशी बोट आहे. नकाशावर ही बेटं हाताच्या अंतरावर दिसतात आणि दोन बेटांमधला समुद्र कधी तासाभराचाही असतो, पण दिवस मोडायला तेवढा पुरतो. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, पुढची खोली दुपारी दोन-तीनला मिळणार, मधे बंदरावर सामान सांभाळत उन्हात बसायचं. बोट उशिरा आली तर संध्याकाळही त्यातच जाते. शिवाय आदल्या रात्री बॅगा भरायच्या आणि नव्या जागी पोचल्यावर दुकान कुठे, बस कुठून हे पुन्हा पहिल्यापासून शोधायचं. म्हणजे आठांपैकी चारच दिवस अखंड उरतात, आणि तेही विखुरलेले. एकाच बेटावर राहिलीस तर बोटीचे दिवस दोनच, जायचा आणि यायचा. मधले सहा दिवस सलग तुमचे. थकलेल्या माणसाचा पहिला दिवस नुसता झोपण्यात जातो, दुसऱ्या दिवशी मन अजून ऑफिसातच असतं. विश्रांती सुरू होते ती त्यानंतर, आणि नेमक्या त्याच वेळी तुझा बेत तुला पुढच्या बंदराकडे नेतो.

दुसरं कारण वाऱ्याचं. एजियन समुद्रावर उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा वारा वाहतो. आकाश निळंशार, ऊन लख्ख, आणि तरीही समुद्र खवळलेला, हे आपल्या पावसाळी दर्याची सवय असलेल्याला नवल वाटेल, पण तिथे ते नित्याचं आहे. वाऱ्याने ठरावीक जोर गाठला की बोटी सोडायला मनाई होते. लहान आणि वेगवान बोटी आधी थांबतात, मोठ्या नंतर. चार फेऱ्यांच्या बेतात एक बोट रद्द झाली तर पुढची तिकिटं आणि पुढच्या खोल्या सगळ्यांवर परिणाम होतो. एका बेटावर राहणाऱ्याला तोच वारा फक्त एवढंच सांगतो, की आज दुसऱ्या बाजूच्या आडोशाच्या किनाऱ्यावर जा.

आता आमोर्गोसच का? हे सायक्लेडीज बेटांपैकी पूर्वेच्या टोकाचं, सुमारे तीस किलोमीटर लांब आणि अगदी चिंचोळं असं डोंगराळ बेट. सर्वांत उंच माथा ८०० मीटरहून वर जातो. वस्ती दोन हजारांच्या आसपास. विमानतळ नाही, आणि या बेटाचं बरंचसं भाग्य त्यातच आहे. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून मोठ्या बोटीने इथे पोचायला साधारण आठ-नऊ तास लागतात, वेगवान बोटीला त्याहून कमी. दोन दिवसांत सगळं पाहून निघणारा माणूस एवढा वेळ देत नाही, त्यामुळे इथे येतो तो राहायला येतो. आणि राहणाऱ्या पाहुण्यांच्या गावात खानावळवाल्यालाही घाई नसते. सांतोरिनीची स्थिती वेगळी आहे. तिथे कायमची वस्ती पंधरा हजारांच्या घरात, आणि क्रूझ जहाजांतून एका दिवसात उतरणाऱ्या प्रवाशांवर २०२५ पासून आठ हजारांची मर्यादा घालावी लागली. त्याच वर्षीच्या जुलैपासून सांतोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशाकडून ऐन हंगामात २० युरो शुल्क घेतलं जातं. गर्दी किती झाली असेल ते यावरूनच समजून घे.

इथे न्यायाने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सांतोरिनी हे काही फोटोंनी फुगवलेलं ठिकाण नाही. समुद्राने भरलेलं ज्वालामुखीचं ते प्रचंड विवर आणि राखेखाली जपलं गेलेलं आक्रोतिरीचं कांस्ययुगीन नगर, दोन्ही मनापासून पाहण्याजोगी आहेत. तुला तेच पाहायचं असेल तर खुशाल सांतोरिनीला जा, पण मग सगळे दिवस तिथेच राहा, हंगाम उतरल्यावर जा, आणि जहाजांचे प्रवासी परतल्यावर गल्ल्यांतून फिर. माझा विरोध सांतोरिनीला नाही. तीन बेटांना स्पर्श करून एकही न बघण्याला आहे.

‘इतका पैसा खर्चून, इतक्या लांब जाऊन एकच बेट?’ हा प्रश्न घरात विचारला जाणारच, आणि तो क्षुल्लक नाही. आपल्याकडे परदेश प्रवास अजून पुष्कळांना आयुष्यात मोजक्या वेळाच घडतो, म्हणून गेलोच आहोत तर सगळं पाहून घेऊ ही इच्छा स्वाभाविक आहे. पण विमानाचं तिकीट आणि व्हिसा यांचा खर्च एका बेटाला जितका, तितकाच तीन बेटांना. त्यावर दर बोटीचं तिकीट, बंदरावरची टॅक्सी आणि दोनच रात्री राहिल्यामुळे हातून गेलेली खोलीच्या भाड्यातली सवलत चढत जाते. म्हणजे तू जास्त पैसे देऊन कमी अखंड दिवस घेणार आहेस. केवळ पाहणं हाच हेतू असता तर मी तुला अथेन्स, डेल्फी, ऑलिंपिया अशी भरगच्च सहल आखून दिली असती. तीही उत्तम सहल आहे. पण तुझ्या पत्रात विश्रांतीचा उल्लेख आहे, आणि मी उत्तर त्याला देतो आहे.

दुसरी शंका कंटाळ्याची. सहा दिवस एका बेटावर करायचं काय? आमोर्गोसला दोन बंदरं आहेत, पश्चिमेला कातापोला आणि उत्तरेकडे एगियाली. मधल्या डोंगरात होरा हे मुख्य गाव, समुद्रावरून दिसू नये अशा बेताने वर वसवलेलं, कारण चाच्यांची भीती शतकानुशतकं होती. गावाच्या मधोमध एक खडक आणि त्यावर जुना किल्ला, कडेला पडक्या पवनचक्क्यांची रांग. होरापासून थोड्या अंतरावर, समुद्रापासून सुमारे ३०० मीटर उंचीवर, सरळ कड्याला चिकटून पनायिया होझोव्योतिसाचा पांढराशुभ्र मठ उभा आहे. बायझंटाइन सम्राट अलेक्सिओस कोम्नेनोस याने १०८८ मध्ये त्याला आश्रय दिल्याचं सांगतात. इमारत आठ मजल्यांची, पण रुंदी जेमतेम पाच मीटर. पाठीमागचा डोंगर हीच तिची मागची भिंत. पायऱ्या बऱ्याच आहेत, म्हणून सकाळी लवकर जा, आणि खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाल. वर आलेल्या पाहुण्याला मिठाईचा तुकडा आणि मध-मसाला घातलेली राकी देण्याची रीत आहे. खाली आयिया आन्नाचा छोटा किनारा आहे. ल्यूक बेसोंच्या ‘द बिग ब्लू’ या १९८८ च्या चित्रपटाने हा परिसर जगाला दाखवला. कातापोलाच्या वर प्राचीन मिनोआ नगराचे अवशेष आहेत. एगियालीला वाळूचा उथळ किनारा आणि त्याच्या माथ्यावर लांगादा, थोलारिया ही गावं, पायवाटांनी जोडलेली. होरा ते एगियाली ही जुनी पायवाट डोंगराच्या धारेवरून जाते. निवांत चाललं तर चार-पाच तास लागतात. परतताना अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात जा. याच बेटावर सापडलेली, जवळजवळ माणसाच्या उंचीची संगमरवरी स्त्रीमूर्ती तिथे आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीची ती मूर्ती, जिथून ती आली ती जमीन पाहून आलेल्याला जितकी कळेल तितकी इतरांना कळणार नाही.

हे सगळं एका दिवशी एक या गतीने केलं तरी दुपारी मोकळ्या राहतात, आणि त्या मोकळ्याच ठेव. ग्रीसमध्ये उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच हे शांततेचे तास कायद्यानेच ठरवलेले आहेत. त्या वेळात गावं झोपतात, दुकानं बंद होतात, आणि रात्रीचं जेवण नऊच्या पुढे रंगतं. ‘दुपारी काहीच उघडं नसतं’ अशी तक्रार करणारे प्रवासी आपला दिनक्रम त्या बेटावर लादू पाहतात. तू बेटाचा दिनक्रम घे. दुपारी झोप आणि रात्री उशिरा बाहेर पड.

जेवणाची काळजी तू लिहिली नाहीस, पण जावईबापू शाकाहारी आहेत म्हणून सांगतो. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत वर्षातले बरेच दिवस उपासाचे असतात. त्या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य, त्यामुळे ग्रीक स्वयंपाकात भाज्या-कडधान्यांचे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहेत. घट्ट वरणासारखी फावा, टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे घेवडे, ऑलिव्ह तेलात शिजवलेली भेंडी आणि वांगी, उकडलेल्या रानभाज्यांवर लिंबू. भरलेल्या टोमॅटोत कधी खिमा असतो, तेवढं विचारून घ्या. बेटाचा मानाचा पदार्थ पातातातो हा मात्र बोकडाच्या मांसाचा आणि बटाट्याचा. तो तुझ्या वाट्याला.

एका शंकेला सरळ तोंड दिलं पाहिजे, ती भूकंपाची. २०२५ च्या सुरुवातीला सांतोरिनी आणि आमोर्गोस यांच्यामधल्या समुद्रतळाशी आठवडेच्या आठवडे धक्के बसत होते आणि सांतोरिनीहून हजारो लोक बाहेर पडले. ९ जुलै १९५६ रोजी याच पट्ट्यात मोठा भूकंप झाला, सुनामी आली, आणि ५० हून अधिक माणसं गेली, त्यांतली बहुतेक सांतोरिनीत. हा इतिहास खरा आहे आणि तो लपवून बेट सुचवणं मला योग्य वाटत नाही. पण हा धोका संपूर्ण दक्षिण एजियनचा आहे. तुझ्या मूळ बेतातलं सांतोरिनी त्यातून सुटत नाही. निघण्यापूर्वी परिस्थितीची अधिकृत माहिती घ्या. समुद्रकाठी असताना जोराचा धक्का जाणवला तर कोणाच्या सूचनेची वाट न पाहता उंचावर जा.

वेळ कोणती, याबद्दल माझं मत पक्कं आहे: सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. तोवर मेल्तेमीचा जोर ओसरतो, ग्रीक कुटुंबांची ऑगस्टची सुट्टी संपते, आणि उन्हाळाभर तापलेलं पाणी मे महिन्यापेक्षा कितीतरी उबदार असतं. घरचा गणपती चुकवू नकोस. त्या वर्षीची तिथी पाहून विसर्जनानंतरची तारीख धर. मे-जून हा दुसरा चांगला काळ. डोंगर हिरवे असतात, पाणी गार. १५ ऑगस्टच्या आसपास मात्र मुळीच नको. मेरीमातेच्या त्या सणाला अवघा देश बेटांकडे धावतो.

राहायला एगियाली घे. होरा अधिक देखणं आहे, पण तुम्हाला समुद्र पायाशी हवा आहे, आणि होरा बसने गाठता येतं. स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना आधी काढून ने. पण रस्ते वळणांचे, कडेला दरी आणि वारा सणसणीत, म्हणून बसवर भागत असेल तर भागव. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण तू दोन-तीन महिने हाताशी ठेव. शुल्क ९० युरो, आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. एकाच देशातलं, एकाच खोलीचं सलग आरक्षण दाखवलंस की अर्जही सुटसुटीत होतो. बोटींची वेळापत्रकं पुढच्या हंगामासाठी हळूहळू जाहीर होत जातात, तेव्हा आत्ताच ती दिसली नाहीत म्हणून घाबरू नकोस. काही बोटी संध्याकाळी सुटून मध्यरात्रीनंतर पोचतात. जाताना दिवसाची बोट मिळेल ती तारीख बघ. पिरेअसला विमानतळावरून थेट मेट्रो आहे.

आणि कितीही मोह झाला तरी परतीची बोट आणि परतीचं विमान एकाच दिवशी ठेवू नकोस. शेवटची रात्र अथेन्सलाच काढा.

तुझा,
मामा