स्वस्त कोणते? – एक हिशेब

वर्गात शिकलेला ‘ना नफा ना तोटा बिंदू’ कारापूरच्या आमच्या घरी कामास आला. २०१८ साली खाणी बंद पडल्यापासून आमच्याकडे रुपया मोजून खर्च होतो. त्यात धाकट्या भावाने व्हिडिओ गेमच्या कन्सोलचा हट्ट धरला.

प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ साली आले, तेव्हा डिस्कचे यंत्र ४९,९९० रुपयांना होते, डिस्कविना ३९,९९०. एक्सबॉक्सची दोन यंत्रे २०२० साली ४९,९९० व ३४,९९० रुपयांना आली. स्वस्तातल्यात डिस्क चालत नाही, ताकदही कमी.

परंतु डिस्क जुनी मिळते, उसनी मिळते, विकताही येते. प्रत्येक डिस्कमागे हजार रुपये वाचतात असे धरू. प्लेस्टेशनमधील फरक १०,००० भागिले १,००० म्हणजे १० खेळ. एका कंपनीची डिस्क दुसरीच्या यंत्रात चालत नाही, आणि वाड्यावरच्या मुलांकडे प्लेस्टेशनच आहे. वर्षाला पाच डिस्क मिळाल्या, तर दोन वर्षांत फरक फिटतो.

वही बाबांपुढे ठेवली. ते म्हणाले, “फरक फिटेल रे, उरलेले चाळीस हजार कसे फिटणार?”

तो रकाना मी मांडलाच नव्हता. भाऊ तूर्त मित्राच्या घरी खेळतो. वाचकहो, दोन वस्तूंची तुलना करण्यापूर्वी ‘न घेणे’ हा तिसरा पर्यायही वहीत लिहावा.