चावी कोणाकोणाकडे आहे?

नांदेडहून नोकरीसाठी पुण्याला आले, तेव्हा आई-बाबांचा एकच प्रश्न होता : एरिया सेफ आहे ना? हिंजवडीत ऑफिस, म्हणून वाकड, ताथवडे, पुनावळे असा सगळा पट्टा पालथा घातला. हाच प्रश्न मी एजंटांना विचारत होते आणि प्रत्येकाचं उत्तर गेटपाशी संपत होतं. चोवीस तास वॉचमन आहे, सीसीटीव्ही आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याची अ‍ॅपवर नोंद होते. हे सगळं खरंही होतं. तरीही एका रविवारी दुपारी मी घरात एकटी असताना बाहेरून लॅच फिरलं आणि एक अनोळखी माणूस हॉलमध्ये येऊन उभा राहिला.

तो आधीच्या भाडेकरूंपैकी एक होता. माळ्यावर राहिलेलं सामान न्यायला आला होता, मला बघून तोही दचकला, माफी मागून निघून गेला. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, “ते इथेच राहायचे ना मॅडम, म्हणून सोडलं.” त्या रात्री आम्ही तिघी मैत्रिणी दाराला आतून टेबल लावून झोपलो. माणूस भला निघाला, पण तसाच निघेल याची खात्री आम्हाला कोणी दिली होती? कडी लावलेली नसेल तर जुन्या चावीवाल्या माणसापुढे वॉचमन, कॅमेरा, अ‍ॅप यांचा काहीच उपयोग होत नाही.

म्हणून नव्या घरात पहिलं काम हे, की सामान लावण्याआधी चावीवाल्याला बोलवा आणि लॅच बदलून घ्या. बहुतेक लॅचमध्ये आतला सिलिंडर तेवढा बदलता येतो, खर्चही फार नाही. मालकाला आधी सांगा. एक चावी त्यांना हवी असेल तर द्या, पण आधी फोन केल्याशिवाय कोणी यायचं नाही, हे करारात लिहून घ्या. एजंटकडे चावी राहता कामा नये. घर दाखवण्यासाठी त्याने कितीजणांच्या हातात ती दिली असेल, ते त्यालाही सांगता येत नाही.

लॅच बदलायची परवानगी मागायला फोन केला, तेव्हा दुसरी गोष्ट उघड झाली. आमच्याकडून डिपॉझिट घेणारे गृहस्थ मालक नव्हतेच. ते स्वतः भाडेकरू होते आणि मूळ मालकाला न सांगता त्यांनी घर आम्हाला दिलं होतं. कराराचा कागद होता, पण नुसता नोटरी केलेला. ‘अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही’ असं त्यांनी ठामपणे सांगितलं होतं, आणि पुण्यात हे वाक्य इतक्यांच्या तोंडी असतं, की ते खरंच वाटतं.

ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत अकरा महिन्यांची असली तरी. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. खर्चाचा बाऊ करण्यासारखंही काही नाही. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. महिना 20,000 भाडं असेल तर अकरा महिन्यांचे 2,20,000, त्यावर 550 रुपये. डिपॉझिटवरच्या मानीव व्याजामुळे त्यात थोडी भर पडते. नोंदणी फी शहरात 1,000 रुपये, ग्रामीण भागात 500. अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो. मालकाला तिथे आधार दाखवून अंगठा द्यावाच लागतो, त्यामुळे समोरचा माणूस तोच आहे, एवढं तरी पक्कं होतं.

घर त्याचंच आहे का, ते मात्र आपण बघायचं. इंडेक्स टू, म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा, मागा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर तो शोधताही येतो. मिळकतकराची पावती आणि लाइट बिल मागा. सगळ्यात सोपं म्हणजे सोसायटीच्या ऑफिसात जाऊन सेक्रेटरींना विचारा, की अमुक फ्लॅट कोणाच्या नावावर आहे. दोन मिनिटांचं काम आहे. डिपॉझिट मालकाच्याच खात्यात, बँकेतून. आमचं डिपॉझिट अर्धंच परत आलं, तेही कित्येक महिने मागे लागून.

घर न पाहता टोकन कधीच देऊ नका. आपण लष्करात आहोत, बदली झाली आहे, असं सांगून फोटो पाठवणारे आणि क्यूआर कोड स्कॅन करायला लावणारे लोक आहेत. पैसे मिळवण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हाताबाहेर.

आता घराच्या आतलं. दिवसा बघितलेलं घर रात्री साडेनऊला पुन्हा बघा, आणि तेही बसस्टॉपपासून चालत जाऊन. नव्या वस्त्यांमध्ये मोठ्या गेटच्या अलीकडचे दोनशे मीटर बऱ्याचदा पूर्ण अंधारात असतात. मग बाथरूममध्ये जा. तिथे गॅस गीझर असेल आणि खिडकी नसेल, तर ते घर घेऊ नका. हे मी कळकळीने सांगते आहे. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गरगरतंय हे कळेपर्यंत अंगातली शक्ती गेलेली असते. अशाने पुण्यात तरुण मुलंमुली गेली आहेत. गीझर ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत बसवून द्या, अशी अट घाला. बाल्कनीला ग्रिल असेल तर त्यात उघडणारी खिडकी हवी, नाहीतर आग लागल्यावर बाहेर पडायला वाट राहत नाही. इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र सोसायटीला दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. ते विचारायला संकोच कशाला?

शहर अगदी नवीन असेल तर पहिला महिना पीजीत काढावा, असं माझं स्पष्ट मत आहे. थोडी गैरसोय होते, पण कोणता रस्ता रात्री सुना पडतो, ऑफिसच्या वाटेवरच्या भूमकर चौकात ट्रॅफिकमध्ये किती वेळ जातो, हे कळतं आणि घाईने टोकन द्यावं लागत नाही.

घरमालकांना एक विनंती. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देताना तुम्ही आमचं आधार कार्ड, कंपनीचं पत्र, गावचा पत्ता, सगळं मागता, आणि ते योग्यच आहे. तसंच भाडेकरू बदलला की लॅचही तुमच्या खर्चाने बदलून द्या.