आलेल्या पैशातलाच वाटा

माझ्या पहिल्या हिंदी चित्रपटाच्या लेखनाचं मानधन आठ लाख ठरलं होतं. साइनिंगचे एक लाख निर्मात्याने माझ्या एजन्सीच्या खात्यात भरले. दहा हजार टीडीएस कापला गेला. उरलेल्या नव्वद हजारांतून एजन्सीने ऐंशी हजार ठेवून घेतले, कारण करारात 'एकूण मानधनाच्या १० टक्के' असं लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही होती. माझ्या खात्यात दहा हजार जमा झाल्याचा मेसेज मी ओशिवऱ्याच्या भाड्याच्या खोलीत तीनदा वाचला. पुढे पहिला ड्राफ्ट लिहीत असतानाच चित्रपट बंद पडला. ते ऐंशी हजार काही परत आले नाहीत. त्यानंतर जे शिकलो, ते नव्याने लिहू लागलेल्यांसाठी मांडतो आहे.

१. टक्के किती, यापेक्षा कशावर आणि कधी, ते आधी बघा.
दहा टक्के द्यायला माझी कधीच ना नाही. चांगलं काम आणणाऱ्याला पंधराही देईन. पण करारात वाक्य असं हवं: 'लेखकाला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर, ती मिळाल्यानंतर.' आपले पैसे हप्त्यांनी येतात. साइनिंग, वनलाइन, पटकथा, संवाद, मग शूटिंग. शेवटचा हप्ता कित्येकदा येतच नाही. मालिकेत तर एपिसोड दाखवून झाल्यावर पैशांसाठी तीन-तीन महिने थांबावं लागतं. आपण जसे थांबतो, तसं कमिशननेही थांबायला हवं.

२. पैसे आपल्याच खात्यात घ्या.
निर्मात्याने आपल्याला द्यावेत आणि एजंटने आपल्याला बिल पाठवावं. माझ्या त्या एक लाखावरचा टीडीएस एजन्सीच्या पॅनवर जमा झाला. म्हणजे रिटर्न भरताना तो दहा हजारांचा परतावाही मला मागता आला नाही. आता दर तिमाहीला मी माझ्या पॅनवर जमा झालेल्या टीडीएसचं विवरण उघडून एकेक नोंद ताडून पाहतो.

३. जीएसटीवर कमिशन नसतं.
इथे आमच्यातले जाणतेही फसतात. समजा, मानधन पाच लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे नव्वद हजार, आणि ते सरकारचे. मला एकदा पाच लाख नव्वद हजारांवर दहा टक्के लावून एकोणसाठ हजारांचं बिल आलं. नऊ हजार जास्तीचे. मी ते परत पाठवलं. दुसरी बाजूही लक्षात ठेवा. एजन्सी स्वतःच्या कमिशनवर जीएसटी लावते. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर तो इनपुट क्रेडिट म्हणून वळता होतो. नोंदणी नसेल, तर दहा टक्क्यांचं कमिशन तुम्हाला ११.८ टक्क्यांना पडतं.

४. आपली जुनी माणसं कराराबाहेर ठेवा.
एकांकिकांच्या काळातल्या एका मित्राने मला मराठी मालिकेचे संवाद लिहायला बोलावलं. एजन्सीला त्याचं नावही ठाऊक नव्हतं, तरी कमिशन द्यावं लागलं, कारण करारात 'लेखकाची सर्व कामं' असं होतं. आता मी नाटक, मराठीतली कामं आणि आधीपासून बोलणी चालू असलेल्या निर्मात्यांची नावं यादी करून करारालाच जोडतो.

५. नोंदणी फी, प्रोफाइल फी अशा नावांनी कुणी आगाऊ पैसे मागितले, तर तिथून उठा.

६. एजंट स्वतःच निर्माता असेल तर विचारा.
हा पेच अमेरिकेतही झाला होता. तिथे एजंट आणि मॅनेजर वेगळे असतात. कॅलिफोर्नियात काम मिळवून देण्यासाठी एजंटला परवाना लागतो आणि त्याचं कमिशन साधारण दहा टक्के असतं. तरीही तिथल्या एजन्सी अख्ख्या प्रकल्पाचं पॅकेज बांधून स्टुडिओकडून वेगळी फी घेत. लेखकाचं मानधन वाढवण्यात मग त्यांना रस कशाला उरेल? याच मुद्द्यावर २०१९च्या एप्रिलमध्ये रायटर्स गिल्ड या तिथल्या लेखक संघटनेच्या हजारो सदस्यांनी आपापल्या एजंटना काढून टाकलं, आणि पुढच्या दोन वर्षांत बड्या एजन्सींना नमावं लागलं. मुंबईत एकच कंपनी लेखक, दिग्दर्शक आणि नट सांभाळते, कधी स्वतः निर्मितीही करते. अशा वेळी टेबलापलीकडे बसलेल्याला आपण कमिशन का द्यायचं? मी हे सरळ विचारतो.

७. करार संपल्यानंतरचं शेपूट मोजून घ्या.
एजन्सीने जुळवलेल्या कामाचे पैसे नंतर आले, तर तिचा वाटा रास्तच आहे. पण दुसरा सीझन, रीमेक, 'भविष्यातील सर्व उत्पन्न' हे नको. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने, चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापरावरच्या रॉयल्टीचा हक्क लेखकाकडे ठेवला आहे. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून तो कुणाला देता येत नाही. त्यामुळे रॉयल्टी कमिशनमधून वगळल्याचं स्पष्ट लिहून घ्या. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सदस्य असाल तर सहीआधी तिथला कायदेशीर सल्ला घ्या. मी तो सहीनंतर घेतला होता.

८. चांगल्या एजंटचं बिल त्याच दिवशी चुकतं करा.
माझ्या आताच्या एजंट ताईंनी सात महिने अडकलेला हप्ता रोज फोन करून सोडवून आणला. त्या फोनांचं मोल मला ठाऊक आहे, कारण ते फोन मी करू शकलो नसतो.

गेल्या महिन्यात नाशिकहून आलेली एक लेखिका पहिला करार घेऊन घरी आली. "दादा, हे बदला म्हटलं तर ते काम काढून घेतील का?" आम्ही पेन्सिल घेऊन बसलो आणि पाच जागी खुणा केल्या. एजन्सीने तीन मान्य केल्या, दोन नाकारल्या. 'एकूण मानधन' खोडून 'प्रत्यक्ष मिळालेली रक्कम' लिहिलेलं पान तिने मला फोटो काढून पाठवलं.